पान एक्केचाळीस

आमच्या सावईवेऱ्याच्या वाचनालयात स्कॅनर आला
तो जीपमधून, सुपारीच्या दोन पोत्यांच्या मध्ये बसून.
वामनू च्यारीनं खोका उघडला,
आत हात फिरवला आणि म्हणाला,
"फणसाचं कपाट मी केलं, चाळीस वर्षं उभं आहे.
ह्यात लाकूड कुठाय?"

दाखल नोंदवहीचा वरचा कोपरा वाळवीनं नेलेला,
म्हणून आमचं पहिलं पुस्तक कुठलं
हे आता वाळवीलाच ठाऊक.
मी क्रमांक सतरापासून सुरुवात केली.

पान उलटायचं, काच खाली, उजेड.
पान उलटायचं.
ओल धरलेल्या कागदाला घाई चालत नाही.
मध्येच करंट जायचा.
मग काळोखात मी वासावरून ओळखायची
कुठलं पुस्तक कुणाच्या घरी राहून आलंय:
हे सोलांचं, हे चुलीच्या धुराचं,
हे भटजींच्या तपकिरीचं.
वासासाठी एक रकाना मी मागितला होता.
पणजीहून उत्तर आलं नाही.

पानांतून निघालं
फोंडा ते सावई, पंच्याहत्तर पैशांचं तिकीट,
सुरंगीचं एक फूल, वाळून चहाच्या रंगाचं,
आणि समासात पेन्सिलीनं:
"ह्याच्या पुढे वाचू नये. रडू येतं."
पुढची पानं
सगळ्यांत जास्त हाताळलेली.

अक्षरं ओळखणारं यंत्र
"कुळागर" शब्दापाशी अडायचं,
दर वेळी "कुठं घर" असं लिहायचं.
मी दुरुस्त करायची.
दहाव्यांदा मात्र
थोडा वेळ तसंच राहू दिलं.

नवी पुस्तकं आता विकत नाही घेता येत,
वापरायला मिळतात. वर्षभर. एका वेळी एकालाच.
चौदाव्या रात्री बाराच्या ठोक्याला
ती आपल्या पायांनी परत येतात.
दंड नाही. सबब नाही.
मी तर तीस वर्षं सबबी ऐकल्या:
म्हशीनं खाल्लं,
भाऊजी वास्कोला घेऊन गेले,
संपलंच नाही हो बाय, आणि संपावं असं वाटेना.
रुक्मिणी गावणेकर पुस्तक परत करायला म्हणून यायची
आणि तासभर सुनेबद्दल बोलायची.
आता तिचं पुस्तक परत येतं,
रुक्मिणी येत नाही.

परवा मीच गेले.
पडवीत बसली होती, फोन नाकाशी धरून.
अक्षरं बोराएवढी केलेली,
एका पडद्यावर चारच शब्द.
"मोतीबिंदू झाल्यापासून हे पहिलंच पुरं केलं," म्हणाली.
मग सुनेबद्दल बोलली.
नेहमीइतकंच.

पणजीच्या साहेबांनी यादी पाठवली:
पुढील पानांवर बोटे दिसतात, पुन्हा करावीत.
यादीत सतरा क्रमांकाचं पान एक्केचाळीस होतं.

त्याच रात्री दोन वाजता
सतरा क्रमांक कुणीतरी उघडला.
तन्वेश मळीक. लहानपणी कपाटामागे लपून वाचायचा,
कुलूप घालताना मला शिंक ऐकू यायची.
आता जहाजावर आचारी आहे.
ठिकाणाच्या रकान्यात यंत्राला काही लिहिता येईना.
मी सकाळी हातानं लिहिलं: पाणी.

खाली त्याचा निरोप होता:
"कुमुदबाय, पान एक्केचाळिसावर
तुमचा अंगठा आलाय. नखाला हळद.
आमच्याकडे पुढचे नऊ दिवस किनारा नाही.
तो काढू नका.
फक्त त्याच्याखाली दोन शब्द झाकलेत,
तेवढे कळवा."

मी पणजीला लिहिलं, पान वाचण्यायोग्य आहे.
मग उठले.
पावसाळ्यात वामनूचं कपाट फुगतं.
गुडघा लावून दार ओढलं,
आणि सतरा नंबरवर बोट ठेवलं.